मायच्या मांडीवरचं मांस

न्यूमोनियातून वाचून माय दवाखान्यातून घरी आली, तेव्हा ती अमरावतीला माझ्या थोरल्या भावाकडे होती. मी अकोल्याला राहतो. मधे बरेच दिवस गेले आणि मग मी तिला भेटायला गेलो. वहिनीने मला दारातच हात धुवायला लावले, आतल्या खोलीत नेलं, आणि नवं कपाट दाखवावं तसा पलंग दाखवला. डोक्याकडून उचलला जाणारा, पायाकडून उचलला जाणारा, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे. त्या कठड्यांच्या मधे माय होती. नव्वदीला टेकलेली, हनुवटीपर्यंत चादर ओढलेली.

"दवाखान्यातून आणल्यापासून एक पाऊल खाली टाकू नाही देलं आमी त्यायले," वहिनी म्हणाली. "जेवन इथं, आंघोळ इथं, सारं इथंच."

दादा दारात उभा राहून मान हलवत होता. त्याला खरोखरच अभिमान वाटत होता. खोलीत एक वास होता. टाल्कम पावडरचा गोड वास आणि त्याच्या खाली लघवीचा. नुसत्या लघवीचा वास मला चालला असता, पण ते गोडमिट्ट मिश्रण नाकात गेलं आणि मी तोंडाने श्वास घ्यायला लागलो.

शेजारच्या एक बाई मायला बघायला आल्या होत्या. हातात पोह्यांची बशी घेऊन पलंगाजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या. "काय सेवा करते बाप्पा सून!" त्या म्हणाल्या. "नशीब लागते अशी सून भेटाले."

तेवढ्यात मायने माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबू, मले बाहेर जाचं हाय."

आमच्याकडे बाहेर जाणं म्हणजे संडासला जाणं. मी कठडा खाली करायला हात घातला. वहिनीने हसत हसत माझा हात बाजूला केला.

"त्यातच करा ना आई," ती म्हणाली. "डायपर लावलाच हाय. मंग बदलतो आपण."

मायने डोळे मिटले. थोड्या वेळाने वास आला. शेजारच्या बाईंनी पदर नाकाला लावला, वहिनीकडे कौतुकाने पाहिलं, आणि पदर खाली करून पोह्यांचा पुढचा चमचा तोंडात घातला.

त्या दिवशी मला जी किळस आली ती घाणीची नव्हती. मी शेतकऱ्याच्या घरात वाढलो, शेण-मूत हातांनी काढलंय. किळस आली ती त्या हसण्याची. मायला कळत होतं. तिला वेळेवर सांगता येत होतं. तिला उठवून चार पावलं न्यायचा कंटाळा सगळ्यांना होता, आणि त्या कंटाळ्याला त्या घरात सेवा म्हणत होते.

डायपर बदलताना मी थांबलो. वहिनी म्हणाली, "तुमी जा भाऊजी, बायाईचं काम हाय." मी गेलो नाही. चादर बाजूला झाली आणि मला मायच्या मांड्या दिसल्या. मांड्या म्हणायला तिथे काही राहिलंच नव्हतं. हाडावरून कातडी खाली लोंबत होती, ओल्या कापडासारखी, आणि वहिनीने पाय उचलला तशी ती एका बाजूला घसरून गेली. गुडघ्याची वाटी तेवढी मोठी दिसत होती. आमच्या गावी, भातकुलीच्या रस्त्याने डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन ही बाई माझ्यापुढे चालायची आणि मला, सातवी-आठवीतल्या पोराला, तिला गाठता यायचं नाही.

मी म्हणालो, "मी मायला अकोल्याला नेतो."

दादा आधी हसला. मग त्याला कळलं की मी खरंच म्हणतोय. "तू एकटा मानूस. तुह्या घरी बाई नाही. मायचं धुनं-पुसनं कोन करन?"

"मी करीन."

"पोरगा होऊन? लोकं काय म्हनतीन?"

वहिनी रडायला लागली. आमच्या सेवेत काय कमी पडलं, असं शेजारच्या बाईंना विचारू लागली. त्या बाई माझ्याकडे अशा बघत होत्या की जणू मी मायला विकायलाच नेतोय. दोन दिवस हे चाललं. शेवटी मायनेच सांगितलं, "जाऊ द्या मले त्याच्यासंग," आणि दादा बाहेरच्या खोलीत जाऊन टीव्ही लावून बसला.

माझं घर लहान आहे, खालच्या मजल्यावर. बायको वारली त्याला बरीच वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन दूर आहे. बाथरूममध्ये मी आधीच कमोड बसवून घेतलेला होता. पहिल्याच सकाळी मायला कमरेला धरून तिथवर नेलं. बसवलं. उठवताना ती माझ्या अंगावर कोसळली आणि दोघंही भिंतीला टेकलो. मग तिला धुवायचं होतं. मी पाणी घेतलं, हात पुढे केला, आणि मला ओकारी आली. मान वळवून दाबली, पण आवाज झालाच.

खोलीत आणून खुर्चीवर बसवली, लुगडं नीट केलं, तेव्हा माय म्हणाली, "तुले किळस येते."

नाही म्हणायचं ओठांवर आलं होतं. पण ती सरळ माझ्या तोंडाकडे बघत होती. "येते," मी म्हणालो.

"मले बी येते," ती म्हणाली. "पोराच्या हातानं धुवून घ्याले मले का बरं वाटते? तुह्या वैनीले येत नोयती. ती हासत हासत करे. तिचं हासनं पाहून माह्या अंगावर काटा ये." जरा दम घेऊन ती पुढे म्हणाली, "मले माहं उठता आलं पायजे. बाकी काही नको."

आमच्या डॉक्टरांनी छाती, रक्तदाब तपासून व्यायामाला हरकत नाही असं सांगितलं आणि घरी येणाऱ्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंचा नंबर दिला. बाई चाळिशी ओलांडलेल्या, तुटक बोलणाऱ्या. त्यांनी मायला गोड आवाजात काही विचारलं नाही, तेच मला आवडलं. प्लास्टिकची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली, मायला बसवलं आणि म्हणाल्या, "आजी, हात न टेकता उठा."

मायने पुढे वाकून जोर लावला. काहीच झालं नाही. अंगठे तेवढे जमिनीवर वळले.

बाईंनी मांडी दाबून पाहिली. "वयामुळे मांस कमी होतंच," त्या मला म्हणाल्या. "पण यांचं वयापेक्षा पलंगाने जास्त नेलंय. जे पलंगाने नेलं त्यातलं काही परत येतं."

मला वाटलं, त्या काही यंत्र सांगतील. त्यांनी पिशवीतून घोट्याला बांधायची वाळूची एक लहानशी पट्टी काढली आणि एक रबरी पट्टा. मायने ती वाळूची पट्टी हातात तोलून पाहिली.

"हे काय हाय? मिठाची पुडी?"

"वजन आहे."

"याले वजन म्हनते?" माय माझ्याकडे वळली. "बाबू, ह्या बाईले सांग, मी पोट्टी नोहे."

खरं सांगायचं तर मलाही ती पट्टी बघून चीड आली. एवढ्याशा वजनाने काय होणार? बाईंनी समजावून सांगितलं. या वयात जड वजन उचलायची गरज नसते. हलकं चालतं, पण ते दमेपर्यंत करायचं. शेवटी शेवटी पाय उचलताना जड वाटला पाहिजे, नाहीतर नुसतं हलवल्यासारखं होतं आणि मांसाला काही कळतच नाही. सांध्यात दुखलं, चक्कर आली, छातीत भरलं तर लगेच थांबायचं. मांडीत भरून आलं तर ते हवंच आहे. मधे एखादा दिवस विश्रांती. आणि वरण पातळ करू नका, त्या म्हणाल्या, दही, दूध, चालत असेल तर अंडं. नुसत्या रव्याच्या खिरीवर मांस धरत नाही.

मायने खुर्चीवर बसल्या बसल्या पाय सरळ केला. घोट्याला ती मिठाची पुडी बांधलेली. पहिल्यांदा सहज गेला आणि ती माझ्याकडे बघून नाक मुरडून हसली. मग पुन्हा, मग पुन्हा. थोड्याच वेळात तिचा ओठ दाताखाली गेला, मांडीवरची ती सैल कातडी थरथरायला लागली, आणि पाय अर्ध्यावरून खाली आला.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"भरून आलं," माय म्हणाली. तिचा आवाज वेगळा होता. तिला राग आला होता.

तेव्हापासून आमची सकाळ तशी सुरू व्हायची. खुर्चीवर जुन्या गोधडीच्या घड्या टाकून ती उंच केली, म्हणजे उठायला कमी जोर लागेल. पायात थोडी ताकद आली की एक घडी काढायची. ओट्याला धरून टाचा वर करायच्या. दाराच्या कडीला बांधलेला रबरी पट्टा दोन्ही हातांनी ओढायचा. त्या पट्ट्याचा वास मायला सहन व्हायचा नाही. "जळलेल्या टायरचा वास येते," म्हणून ती आधी तो पदराने पुसायची आणि मग तोच पदर नाकाशी नेऊन शी शी करायची. तिला व्यायामाची गोडी लागली वगैरे काही झालं नाही. ती रोज शिव्या द्यायची. मला, त्या बाईंना, वाळूच्या पट्टीला. मधे ताप आला तेव्हा सगळं थांबलं आणि काढलेली गोधडीची घडी परत टाकावी लागली. तेव्हा ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

पण उन्हाळा संपता संपता ती काठी घेऊन घरातल्या घरात फिरू लागली. डायपर गेला. कमोडवरून उठताना मी नुसता हात पुढे करायचो. धुवायचं मात्र अजून मलाच होतं, कारण एका हाताने आधार धरून दुसरा हात मोकळा सोडायची हिंमत तिला होत नव्हती.

अशात दादाचा मुलगा आला. चांगला पस्तिशीचा, बायको-पोरांचा धनी. शरीर कमावण्याच्या पावडरीच्या धंद्यात नुकताच शिरला होता. येताना त्याने दोन मोठे डबे आणले. आजीला पाय उचलताना बघून त्याचे डोळे चमकले. मोबाइल काढला. मी भाजी घेऊन येईपर्यंत त्याने माझी खुर्ची खिडकीजवळ नेली होती, आजीच्या कपाळाला मोठं कुंकू लावलं होतं. माझा बाप जाऊन किती वर्षं झाली हे तो सोयीस्कर विसरला होता. तिच्या शेजारी स्टुलावर पावडरचा डबा होता, नाव समोर येईल असा वळवलेला. त्या डब्यातला एक चमचा मायच्या पोटात गेलेला नव्हता.

"पुस ते कुंकू," मी म्हणालो.

"अहो काका, व्हिडिओत चांगलं दिसते."

मी पुसलं. पण व्हिडिओ गेलाच. आधी नातेवाइकांत फिरला, मग कुठे कुठे. सुरुवातीला लोकांनी शिव्या घातल्या. म्हातारीला राबवतात, लाज वाटत नाही, वगैरे. दादाचा फोन आला, "तुह्यापायी माही मान खाली गेली." मग कोणीतरी कौतुक केलं, मग पुष्कळांनी केलं, आणि दादाचा पुन्हा फोन आला. या वेळी आवाज मऊ होता. अमरावतीत एक पुढारी ज्येष्ठ नागरिकांचा सत्कार करत होते. मायचं नाव घातलंय. मी होकार देऊन टाकलाय, तो म्हणाला.

मी नाही म्हणणार होतो. मायने फोनवरचं ऐकलं होतं. "जाऊ," ती म्हणाली.

"काहून?"

"मी चालत जाईन. तुह्या वैनीसमोर."

म्हणून गेलो. गाडीतून उतरून माय काठी टेकत हॉलमध्ये चालत गेली. वहिनी दाराशीच होती. माय तिच्यासमोरून गेली, थांबली नाही. पूर्ण दिवसात तेवढंच एक चांगलं घडलं.

मंचावर मागे पावडरच्या कंपनीचा भला मोठा फलक होता. पुढे सत्कारमूर्तींसाठी लाल मखमलीचे सोफे. खोल, मऊ, बसलं की माणूस आत जाणारे. मी साधी खुर्ची मागितली. निवेदक म्हणाला, "आजींचा मान आहे, काका." मायला सोफ्यात बसवलं आणि ती त्यात बुडाली, गुडघे छातीजवळ आले. शाल आली, नारळ आला, हार आला. हाराच्या झेंडूला कुजका वास होता, तो मला खालीही येत होता. मग निवेदकाने ओरडून सांगितलं की आता आजी आपल्याला ताकद दाखवणार. पुतण्याने एक मोठा काळा डंबेल आणून मायच्या हातात दिला.

मी उठलोच होतो. पण मायने तो एका हाताने उचलला. टाळ्या कडाडल्या. फोटोवाले पुढे धावले. मायने डंबेल कानाजवळ नेऊन हलवून पाहिला.

"हे तं पोकळ हाय," ती म्हणाली. माइक जवळच होता. सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

लोक हसले. निवेदकही हसला, म्हणाला, "बघा, आजींचा विनोद!" पुढारी हसले. पुतण्या तर सगळ्यांत जास्त हसला. तो खोटा डंबेल घेऊन तो प्रत्येक सत्कारमूर्तीकडे गेला आणि प्रत्येक म्हाताऱ्याने तो उचलला आणि प्रत्येक वेळी टाळ्या पडल्या. मी इतक्या वर्षांत पुष्कळ कार्यक्रम पाहिले, पण त्या दिवशी मला त्या टाळ्यांचीच किळस आली.

भाषणं सुरू झाली. मायने मला खूण केली. मला कळलं, तिला बाहेर जायचं होतं. मी मंचावर गेलो तोवर तिने स्वतःच उठायला सुरुवात केली होती. ती ओठ दाबून पुढे झुकली, जोर लावला, आणि सोफ्याने तिला परत आत ओढलं. पुन्हा. तिसऱ्यांदा कार्यकर्ते धावले. मी ओरडलो, "हात नका लावू, काखेत धरू नका," पण दोघांनी दोन बाजूंनी काखेत हात घालून तिला पोतं उचलावं तसं वर ओढलं. मायच्या तोंडून एक आवाज निघाला. उजवा खांदा.

हॉलचा संडास मागे होता. साधा, खाली बसायचा, जमिनीवर काळं पाणी, कोपऱ्यात गुटख्याच्या पुड्या. दारापर्यंत पोहोचायच्या आतच मायचं लुगडं ओलं झालं. ती तिथेच उभी राहिली. मागून वहिनी आली, नाकाला रुमाल लावून.

"मनून मी सांगत होती, डायपर लावून आना," ती म्हणाली. "पन आमचं ऐकते कोन?"

माझ्या तोंडात काय काय आलं ते मी लिहीत नाही. मायला गाडीत बसवलं, बडनेरा ओलांडलं, मूर्तिजापूर आलं. मग माय म्हणाली, "हार फेक तो. सडला हाय." मी गाडी थांबवून फेकला.

खांद्याचं हाड मोडलं नव्हतं, आत काहीतरी फाटलं होतं. हात गळ्यात बांधला. माय पलंगावर आडवी झाली आणि म्हणाली, "झालं आता. पडू दे मले." तिने वरणाची वाटी बाजूला सारली. आठवडाभर ती उठली नाही, आणि मला तिच्या मांड्या पुन्हा त्या अमरावतीच्या खोलीत दिसल्या तशा होताना दिसू लागल्या. कदाचित तसं नसेलही. भीतीने दिसत असतील.

फिजिओथेरपिस्ट बाई आल्या. सगळं ऐकून घेतलं. दुखऱ्या हाताला त्यांनी हातही लावला नाही. "हात जायबंदी आहे," त्या म्हणाल्या. "पाय तर आहेत ना?"

"काय उपेग?" माय म्हणाली.

"उपयोग तुम्हाला माहीत आहे. मला कशाला विचारता?"

माय खूप वेळ भिंतीकडे तोंड करून पडून होती. बाई बसून राहिल्या. शेवटी माय म्हणाली, "बांध ती पुडी." ते मला म्हणाली, बाईंना नाही.

गोधडीच्या सगळ्या घड्या परत खुर्चीवर आल्या. पुन्हा पहिल्यापासून. या वेळी माय शिव्याही देत नव्हती, नुसती तोंड वाकडं करून पाय उचलायची, एरंडेल प्यायल्यासारखं. मी बाथरूमच्या भिंतीत, तिच्या डाव्या हाताला येईल असा, स्टीलचा दांडा बसवून घेतला. जेटस्प्रेही डावीकडे घेतला.

थंडी सुरू झाली होती. एका सकाळी ती काठी घेऊन गेली आणि मी नेहमीसारखा मागे उभा राहिलो.

"तू कायले उभा हायेस?" ती म्हणाली. "बाहेर हो."

मी बाहेर झालो. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

"माय, कडी लावू नको!"

"काहून? तू आत येनार हायेस?"

मी दाराशी उभा राहिलो. काही ऐकू येत नव्हतं. मग पाण्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही, नुसतं तिचं कण्हणं. मी दाराला खांदा लावून तयार होतो. मग दांडा करकरल्याचा आवाज आला, आणि काठी फरशीवर टेकली. कडी निघाली. माय बाहेर आली. तोंडावर घाम होता, लुगड्याचा काठ भिजलेला होता. मी पुढे झालो तर तिने कोपराने मला बाजूला केलं.

"आत पाह्य," ती म्हणाली. "पानी बरोबर गेलं का?"

मी आत जाऊन पाहिलं. भांडं स्वच्छ होतं. मी परत आलो आणि सांगितलं, "गेलं." ती म्हणाली, "मंग चा ठेव."

तेव्हापासून मी मायला धुतलं नाही. दादाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं," आणि मग, जरा थांबून, "तिले एकटीले आत जाऊ देते? पडली म्हंजे?" वहिनी मागून काहीतरी बोलत होती. पडू शकते, हे मलाही माहीत आहे. मायलाही माहीत आहे. पुतण्या आता दुसऱ्या कुठल्यातरी धंद्यात आहे. त्याचे दोन डबे माझ्या घरी होते, ते मी उघडलेही नाहीत, तसेच कचऱ्याच्या गाडीत टाकले.

मायचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. जाणारही नाही, असं डॉक्टर म्हणतात. त्यामुळे तिचा अंबाडा आता मी घालतो. केस विरळ, तेलकट, मुळांशी कोंडा. बोटांना चिकटतात. मला ते आवडत नाही आणि मी ते लपवत नाही. मला नीट येतही नाही, अंबाडा दुपारपर्यंत सुटतो. माय समोर आरसा धरून बसते आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणते, "तोंड वाकडं करू नको. घट्ट बांध."